घाशीरामला खलनायक म्हणावं का?

मागच्या रांगेपर्यंत आवाज येतोय ना? ठीक.

आजचा विषय खरं म्हणजे दुसराच होता. पण गेल्या व्याख्यानानंतर एका श्रोत्या बाईंचा निरोप आला, आणि तो काही डोक्यातून जाईना. त्यांनी लिहिलं होतं, "सर, तुम्ही बोलता बोलता घाशीराम कोतवालाला खलनायक म्हणून गेलात. मला ते पटलं नाही. त्याच्यावर आधी केवढा अन्याय झाला, त्याचं काय?" निरोप एवढाच. त्यांचं म्हणणं बरोबर आहे, मी तो शब्द विचार न करता वापरला होता. तेव्हा आज त्या शब्दाचाच विचार करू. ज्याची बाजू आपल्याला समजते, ज्याच्याबद्दल कुठेतरी वाईटही वाटतं, अशा माणसाला खलनायक म्हणणं योग्य आहे का?

सुरुवात घराजवळून करतो. लोणारला आपण सगळेच गेलेलो आहोत. पाहुणे आले की त्यांना दाखवायला न्यायचं हक्काचं ठिकाण ते. सरोवर उल्कापाताने झालेलं आहे हे आता शाळेतली पोरंही सांगतात. पण गावातलं दैत्यसूदनाचं देऊळ जी गोष्ट सांगतं ती वेगळी आहे. लवणासुर नावाचा दैत्य जमिनीखाली दडून बसायचा, वर येऊन लोकांना छळायचा. विष्णू देखण्या मुलाचं रूप घेऊन आला. दैत्याच्या बहिणी त्याच्यावर भाळल्या आणि भावाची लपायची जागा सांगून बसल्या. मग विष्णूने पायाच्या अंगठ्याने वरचं झाकण उडवलं आणि दैत्याला मारलं. गाभाऱ्यात मूर्ती उभी आहे, आणि दैत्य पायाखाली.

आता मी विचारतो, हा लवणासुर खलनायक आहे का?

तुम्ही माना डोलावताय. माझं म्हणणं आहे, नाही. तो दैत्य आहे. गोष्टीत तो दैत्य म्हणूनच येतो आणि दैत्य म्हणूनच मरतो. एखाद्या सकाळी उठून "आज कुणाला छळू नये" असं ठरवण्याची सोय गोष्टीने त्याला ठेवलेलीच नाही. वीज पडून बैल मेला तर आपण विजेला दुष्ट म्हणत नाही. लवणासुराचं तसंच आहे. तो संकट आहे, आणि संकट निवारलं जातं, त्याचा न्याय होत नाही. उलट बहिणींची गोष्ट मला जास्त अवघड वाटते. त्यांना निवड होती. पण आज त्यांच्याकडे वळलो तर परत येता येणार नाही.

आपण दोन शब्दांची गल्लत करतो. एक आहे प्रतिनायक, म्हणजे नायकाच्या समोर उभा राहणारा. ती गोष्टीतली जागा आहे, खुर्ची म्हणा. दुसरा शब्द खलनायक. ती जागा नव्हे, तो निकाल आहे. दहाव्या शतकातल्या धनंजयाने ‘दशरूपका’त प्रतिनायकाचं वर्णन केलं आहे. लोभी, उद्धत, हट्टी, पापकर्म करणारा, व्यसनी असा तो असतो, आणि याची उदाहरणं म्हणून रावण आणि दुर्योधन सांगितले जातात. म्हणजे आपल्या परंपरेतही खुर्ची आणि निकाल एकमेकांत मिसळलेले आहेत. पण त्याच्या कितीतरी आधी भासाने ‘ऊरुभंग’ लिहून मांड्या मोडलेल्या दुर्योधनाला नाटकाच्या मध्यभागी आणलं होतं, आणि त्याच्यासाठी प्रेक्षकांच्या डोळ्यांत पाणी आणलं होतं. खुर्ची बदलली की निकालही बदलतो का? बाईंचा प्रश्न हाच आहे, असं मला वाटतं.

सोपी उदाहरणं बाजूला काढू. अत्र्यांचं ‘तो मी नव्हेच’, १९६२ सालचं. फिरता रंगमंच, प्रभाकर पणशीकर, आणि लखोबा लोखंडे. तो बायकांना फसवतो, नावं बदलतो, वेश बदलतो आणि कोर्टात उभा राहून शांतपणे सगळं नाकारतो. त्याला खलनायक म्हणताना कुणाचीच जीभ अडखळत नाही. का? कारण तो तसा का झाला, हे नाटक विचारतच नाही. आपण हसतो, चिडतो, त्याच्या हुशारीला मनातल्या मनात दादही देतो, आणि घरी जाऊन जेवतो.

घाशीरामच्या नाटकानंतर जेवण तितकं सहज जात नाही.

विजय तेंडुलकरांचं ‘घाशीराम कोतवाल’ १६ डिसेंबर १९७२ ला पुण्यात प्रोग्रेसिव्ह ड्रामॅटिक असोसिएशनने रंगमंचावर आणलं. दिग्दर्शन जब्बार पटेलांचं, संगीत भास्कर चंदावरकरांचं, नाना फडणवीस मोहन आगाशे आणि घाशीराम रमेश टिळेकर. मी नाटक आधी वाचलं आणि बऱ्याच वर्षांनी पाहिलं, आणि वाचताना मला त्यातलं अर्धंही कळलं नव्हतं हे पाहताना लक्षात आलं. ज्यांनी पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी कथा थोडक्यात सांगतो.

घाशीराम सावळदास हा कनोजचा ब्राह्मण. पोट भरायला पुण्यात येतो. बावनखणीत गुलाबी नावाच्या नाचणारणीकडे पडेल ते काम करतो. तिथे नानांची मर्जी होऊन बक्षीस मिळतं, तेही गुलाबी हिसकावून घेते आणि त्याला मार देऊन हाकलते. मग पर्वतीवर दक्षिणा वाटतात म्हणून तो तिकडे जातो, तर तिथे त्याच्यावर चोरीचा आळ येतो. त्याने चोरी केलेली नसते. शिपाई बडवतात, कोठडीत टाकतात, शहराबाहेर काढतात. तो शपथ घेतो की परत येईन आणि या पुण्याची दैना करून सोडीन. परत येतो तो मुलीला घेऊन. तिचं नाव ललितागौरी. नानांची नजर तिच्यावर पडते. घाशीराम ती नजर हेरतो, नानांना झुलवतो आणि मुलीच्या बदल्यात कोतवाली मागून घेतो. मग त्याचं राज्य सुरू होतं. रात्री परवान्याशिवाय बाहेर पडायचं नाही, संशय आला की कोठडी, आणि एका ब्राह्मणाच्या हातावर तर तापलेला लोखंडी गोळा ठेवून दिव्य. पुढे गौरी मरते. घाशीराम पिसाटतो. परगावचे ब्राह्मण त्याच्या कोठडीत गुदमरून मरतात, शहर पेटतं, नाना त्याच्या मृत्यूच्या हुकुमावर सही करून मोकळे होतात, आणि जमाव त्याला दगडांनी ठेचतो.

इथे एक खुलासा करून ठेवतो, नाहीतर नंतर पत्रं येतात. घाशीराम नावाचा कोतवाल पुण्यात खरोखर होता, १७७७ पासून. ऑगस्ट १७९१ च्या अखेरीस त्याच्या कैदेत तेलंगी ब्राह्मण गुदमरून मेले आणि लोकांनी त्याला दगडांनी मारलं, हाही इतिहास आहे. पण तेंडुलकरांनी आपल्या नाटकाला अनैतिहासिक म्हटलेलं आहे. आज मी नाटकातल्या घाशीरामबद्दल आणि नाटकातल्या नानांबद्दल बोलतोय. इतिहासातल्या नाना फडणवीसांचा हिशोब इतिहासकारांकडे.

आता बाईंची बाजू मांडतो. एखाद्याची बाजू मांडायची तर ती पूर्ण ताकदीने मांडावी, अर्धवट मांडून मग खोडून काढण्यात काही अर्थ नाही. माणूस गरीब आहे, परका आहे. त्याने काही केलेलं नाही आणि त्याला चोर ठरवलं. मारणारे कोण, तर शहरातले प्रतिष्ठित. रात्री बावनखणीत आणि सकाळी पूजेला जाणारे. अपमान करताना त्यांना मजा वाटत होती. आता हाच माणूस उद्या सत्तेवर बसून त्यांचेच हात भाजू लागला, तर पहिला गुन्हा कुणाचा?

(सभागृहातून एक गृहस्थ: "सर, मीबी तेच म्हनतो. त्याले चोर कोनं ठरवलं? पह्यले त्याचा हिशोब करा ना!")

बरोबर. अगदी बरोबर. तो हिशोब मी टाळणार नाही. मी तुमच्याही पुढे जाऊन म्हणतो, घाशीराम ब्राह्मणांशी जे वागला ते भयंकर आहे, पण त्याची कारणपरंपरा मला दिसते. पर्वतीवरचा दगड पुण्यात येऊन पडला. पडला तोही बहुतेक भलत्याच डोक्यांवर पडला, कारण दिव्याच्या वेळी ज्याचा हात भाजला त्यानेच त्या दिवशी घाशीरामला मारलं होतं असं काही नाटकात सांगितलेलं नाही. तरी आपण म्हणू, की सूड आंधळा असतो.

पण मला तुम्ही एक सांगा. या सगळ्या हिशोबात गौरी कुठे बसते?

तिने घाशीरामचं काय केलं होतं? ती पर्वतीवर नव्हती. तिने त्याला चोर म्हटलं नाही. तिला तर पुणं काय आहे हेही नीट माहीत नाही. आपण "त्याच्यावर किती अन्याय झाला" म्हणतो तेव्हा आपल्या तराजूच्या एका पारड्यात घाशीराम असतो आणि दुसऱ्या पारड्यात पुण्याचे ब्राह्मण. गौरी पारड्यातच नसते. आपण तिला सूडाची किंमत धरतो, म्हणजे खर्चाच्या बाजूला टाकतो. आणि घाशीरामने नेमकं हेच केलं होतं.

इथे ॲरिस्टॉटलची थोडी मदत घेऊ. ‘निकोमॅखियन एथिक्स’च्या तिसऱ्या भागात तो विचारतो, की नाइलाजाने केलेल्या कृत्याची जबाबदारी किती? वादळात सापडलेला नावाडी जहाज वाचवायला माल समुद्रात फेकतो. एरवी कुणी आपण होऊन माल फेकत नाही, पण त्या क्षणी कुठलाही शहाणा माणूस फेकेल. ॲरिस्टॉटल म्हणतो, ही मिश्र कृती आहे. नाइलाज आहे, पण निर्णय शेवटी नावाड्याचाच आहे. त्याच ठिकाणी दुसरं उदाहरण येतं. जुलमी राजाने तुमचे आईबाप, तुमची मुलं ताब्यात घेतली आणि त्यांच्या जिवाची भीती घालून तुमच्याकडून नीच काम करवलं, तर? तिथे आपण दोष द्यायला कचरतो. पण पुढे तो हेही म्हणतो, की काही कृत्यं अशी असतात की ती कुठल्याही नाइलाजाखाली बसत नाहीत. त्यापेक्षा माणसाने मरण पत्करावं.

आता ही दोन्ही उदाहरणं घाशीरामला लावून पाहा. गौरीला ओलीस धरून कुणी त्याच्याकडून काम करवत नव्हतं. तोच तिला घेऊन आला. आणि नावाड्याने फेकला तो माल होता. घाशीरामने मुलगी फेकली. शिवाय त्याच्या मागे वादळही नव्हतं. पुणं सोडून दुसऱ्या गावी जायला त्याला कुणी अडवलं नव्हतं. शपथ त्याची स्वतःची होती.

आणि तो हे न कळता करत होता, असंही म्हणायची सोय तेंडुलकरांनी ठेवलेली नाही. सौदा ठरताना घाशीराम आपल्याकडे, प्रेक्षकांकडे वळतो, आणि आपण पोटच्या पोरीला लांडग्याच्या तोंडी देतो आहोत हे तोच बोलून दाखवतो. त्याला दिसतंय, दुखतंय, आणि तरीही तो देतोय. मला नाटकातला सगळ्यात भयंकर क्षण हा वाटतो, तो तापलेला गोळा नव्हे.

म्हणून बाईंना माझं उत्तर असं आहे. घाशीराम गुंतागुंतीचा आहे म्हणून त्याला खलनायक म्हणू नये, हे मला उलटं वाटतं. गुंतागुंत आहे म्हणूनच हा शब्द त्याला लागू पडतो. ज्याला दुखतं, ज्याला कळतं, ज्याच्यासमोर दुसरी वाट असते आणि तरी जो ही वाट धरतो, निकाल त्याच्याबद्दलच देता येतो. लवणासुराबद्दल देता येत नाही. फक्त आरोप नेमका ठेवा. ब्राह्मणांना छळलं या कलमाखाली त्याला काही सवलत मिळेल. गौरीच्या कलमाखाली मिळणार नाही.

आपल्याकडे कर्णाबाबत असंच होतं. शिवाजी सावंतांचं ‘मृत्युंजय’ १९६७ मध्ये आलं आणि तेव्हापासून मराठी घराघरांत कर्ण हा आपला माणूस झाला. मलाही तो आवडतो. सूतपुत्र म्हणून तो आयुष्यभर अपमान सोसतो, त्याचा राग आपल्याला पटतो. पण द्यूतसभेत द्रौपदीला भर सभेत वेश्या म्हणणारा आणि तिची वस्त्रं काढून घ्या म्हणून दुःशासनाला सांगणारा महाभारतातला कर्णच आहे. पुढे उद्योगपर्वात तो कृष्णाजवळ पश्चात्ताप बोलून दाखवतो. काय म्हणतो? दुर्योधनाला बरं वाटावं म्हणून मी पांडवांना कटू शब्द बोललो, त्याचा मला ताप होतो. पांडवांना! त्या वाक्यात द्रौपदीचं नाव नाही. मी हे वर्गात दाखवलं की मुलं गप्प व्हायची. मुली मात्र गप्प व्हायच्या नाहीत.

आता थोडं स्वतःबद्दल. हे मी याआधी व्यासपीठावरून कधी सांगितलेलं नाही.

एम.ए.ला असताना माझी तोंडी परीक्षा होती. मी वऱ्हाडातल्या खेड्यातला, तोंडात ‘ण’ बसलेला नव्हता. मी ‘प्रमाण’ला ‘प्रमान’ म्हणालो. बाहेरून आलेले परीक्षक हसले आणि म्हणाले, "आधी प्रमाण भाषा शिका, मग प्रमाणशास्त्राकडे वळा." बाकीचेही हसले. मला पुढच्या एकाही प्रश्नाचं उत्तर सुचलं नाही. ते वाक्य मी वीस वर्षं जपून ठेवलं. मग एके वर्षी मीच परीक्षक म्हणून एका कॉलेजात गेलो. समोर एक मुलगा बसला, तांड्यावरून आलेला, घाबरलेला, आणि तोही तेच म्हणाला. आणि मी तेच वाक्य म्हणालो. शब्दाला शब्द. बाजूचे प्राध्यापक हसले. मला त्या वेळी बरं वाटलं, हे मी तुमच्यापासून लपवत नाही. दुसऱ्या वर्षी त्याच कॉलेजात गेलो तर तो मुलगा नव्हता. का नव्हता, हे मी विचारलं नाही. विचारता आलं असतं.

नंतर कितीतरी वर्षं मी स्वतःला सांगत होतो, की मलाही असंच घडवलं गेलं. वाक्य खरं आहे. पण माझ्या परीक्षकाचं देणं मी त्या मुलाकडून वसूल केलं, आणि त्याचा त्या देण्याशी काही संबंध नव्हता. घाशीरामबद्दल बोलताना मला हे आठवतं. म्हणून "तो परिस्थितीने तसा झाला" हे वाक्य मी ऐकतो, मान्य करतो, आणि तरी तिथे थांबू शकत नाही.

पण आता नाण्याची दुसरी बाजू, नाहीतर मी बाईंवर अन्याय करीन. खलनायक हा शब्द आणखी एका प्रकारे वापरतात, आणि त्या वापराला मात्र माझा विरोध आहे. नाटकातले नाना तो तसा वापरतात. घाशीरामला कोतवाल करताना त्यांनी मनाशी हिशोब मांडलेला असतो, की आपण काहीही केलं तरी ते याच्या नावावर जमा होईल. आणि शेवटी तसंच होतं. माणूस मारला, त्याला सगळ्याचं मूळ ठरवलं, आणि उत्सव जाहीर केला. खातं बंद. इथे ‘खलनायक’ म्हणणं म्हणजे पुढचे प्रश्न विचारायचे नाहीत असं ठरवणं. कोतवाली कुणी दिली? इतके दिवस रोज रात्री जे चाललं होतं ते कुणाला दिसत नव्हतं का?

गंमत पाहा, नाटकावरही तसाच प्रसंग आला. नानांना लंपट दाखवलं, ब्राह्मणांची बदनामी केली म्हणून वादळ उठलं. १९ प्रयोगांनंतर संस्थेने नाटक थांबवलं. मग त्या कलावंतांनी थिएटर ॲकॅडमी काढली आणि १९७४ मध्ये ते पुन्हा उभं केलं. पुढे ते युरोपातही जाऊन आलं. सगळा वाद नानांच्या प्रतिमेवर झाला. गौरीच्या वाट्याला काय आलं, यावर त्या गदारोळात कुणी भांडल्याचं माझ्या वाचनात तरी नाही.

ज्ञानेश्वरांनी पसायदानात दुष्टांचा नाश मागितला नाही, त्यांच्यातला वाकडेपणा जावा एवढंच मागितलं. लोक हे मोठेपणा म्हणून सांगतात, आणि तो आहेच. पण मला त्यात एक अट दिसते. वाकडेपणा जायचा तर आधी तो वाकडेपणा म्हणून कुणीतरी ओळखायला हवा, शक्यतो त्या माणसानेच.

नाटकाच्या शेवटी हे घडतं. घाशीराम जमावासमोर रक्तबंबाळ उभा आहे. तो दयेची भीक मागत नाही, उलट मारा म्हणतो. तुमच्या छातीवर मी नाचलो, याचं त्याला अजूनही काही वाटत नाही. पण माझ्या पोरीचं मी वाटोळं केलं, त्याची शिक्षा मला व्हायला हवी, असं तो म्हणतो. अख्ख्या पुण्यात एकट्या घाशीरामला बरोबर कलम सापडलेलं असतं. दगड मारणाऱ्यांच्या मनात गौरी नाही. हुकुमावर सही करणाऱ्याच्या मनात तर नाहीच. पाहताना माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं, आणि मी त्याला खलनायक म्हणणं सोडलं नाही. या दोन गोष्टी एकत्र राहू शकतात.

(श्रोत्यांमधून एक विद्यार्थिनी: "सर, मग नाना खलनायक नाहीत का?")

आहेत की. नाटकातले नाना आहेत, आणि घाशीरामपेक्षा मोठे आहेत. त्यांच्यावर वेळ घातला नाही, कारण त्यांच्याबद्दल तुमच्या मनात शंका नव्हती. बाईंनाही नव्हती. घाशीरामला कुठे दुखतं ते आपल्याला दिसतं, नानांना कुठे दुखतं ते शेवटपर्यंत दिसत नाही. एवढा फरक आहे.

(मघाचे गृहस्थ: "मंग सर, त्या भिंतीले का म्हनाव?")

वा. ज्यांनी नाटक पाहिलं नाही त्यांना सांगतो, हे काय विचारतायत. रंगमंचावर सुरुवातीपासून दहा-बारा ब्राह्मणांची एक रांग उभी असते. तीच भिंत होते, तीच बाग होते, तीच पर्वतीवरची गर्दी, तीच बावनखणीतली आणि तीच शेवटी दगड मारणारी. मागे काही चाललेलं असलं की ती पाठ करून उभी राहते, म्हणजे मागचं दिसत नाही. त्या रांगेत वेगळं नाव लक्षात राहावं असा कुणी नाही. मी एवढा वेळ निकाल देत बसलो, पण निकाल द्यायला नाव लागतं, आणि भिंतीला नाव नसतं. मग तिला काय म्हणायचं, हे मला आज सांगता येत नाही. पुढच्या वेळी तिथूनच सुरुवात करू. तोवर तुम्हीही विचार करून या, आणि ज्या बाईंनी निरोप पाठवला त्या आल्या असतील तर खाली थांबा, चहा घेऊ.